गोड गोळ्या, काढा आणि बाळगुटी: घरच्या आजारपणात कशावर किती भरवसा ठेवायचा?

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातून एकामागून एक बातम्या यायला लागल्या. साधा सर्दी-खोकला झालेल्या लहान मुलांची लघवी अचानक बंद होत होती, मूत्रपिंडं निकामी होत होती. यातल्या अनेक मुलांना उपचारांसाठी नागपूरला आणलं गेलं आणि त्यातली बरीच वाचली नाहीत. मुलांना दिलेल्या खोकल्याच्या औषधात डायथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरलं जाणारं विषारी रसायन सापडलं. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सूचना काढली: दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालच्या मुलांनाही ती सहसा देऊ नयेत.

मग द्यायचं काय? घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याची उत्तरं लगेच आली. मधात आल्याचा रस. ओव्याची पुरचुंडी. हळदीचं दूध. गुळवेलीचा काढा. आणि अर्थातच ‘होमिओपॅथीच्या गोळ्या द्या, त्यांचे साइड इफेक्ट नसतात.’

हे सगळे उपाय एकाच ओळीत, एकाच विश्वासाने सांगितले जातात. प्रत्यक्षात ते एकमेकांपासून खूप वेगळे आहेत. काहींना चांगला पुरावा आहे, काहींना अजिबात नाही आणि काही तर लहान मुलांसाठी सरळ धोक्याचे आहेत.

होमिओपॅथी म्हणजे ‘नैसर्गिक औषध’ नाही

सगळ्यात मोठा गोंधळ इथेच होतो. होमिओपॅथी म्हणजे झाडपाल्याची, सौम्य औषधं, असा अनेकांचा समज असतो. पण आजीच्या बटव्यातल्या सुंठीत खरोखर सुंठ असते. होमिओपॅथीच्या ३० नंबरच्या गोळीत मूळ पदार्थ उरलेलाच नसतो. तो मूळ पदार्थही वनस्पतीच असेल असं नाही. आर्सेनिक, पारा, सापाचं विष, मधमाशी, गंधक अशा अनेक गोष्टींपासून ही औषधं बनतात.

ही पद्धत शोधली सॅम्युअल हानेमान या जर्मन डॉक्टरने. त्याचा जन्म १७५५ चा, जर्मनीतल्या माइसेन शहरातला. १७९० मध्ये तो विल्यम कलन या स्कॉटिश डॉक्टरच्या औषधशास्त्रावरच्या ग्रंथाचं भाषांतर करत होता. मलेरियावर सिंकोना झाडाची साल का लागू पडते, याचं कलनने दिलेलं कारण हानेमानला पटलं नाही, म्हणून त्याने ती साल स्वतः खाऊन पाहिली. त्याला मलेरियासारखीच लक्षणं जाणवली. यावरून त्याने सूत्र मांडलं की निरोगी माणसात जो पदार्थ जी लक्षणं निर्माण करतो, तोच पदार्थ त्या लक्षणांच्या आजारावर औषध ठरतो. १८१० मध्ये त्याचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ आला आणि आजही होमिओपॅथीच्या महाविद्यालयांत तो शिकवला जातो.

त्या काळात ही पद्धत लोकप्रिय का झाली, हे समजून घ्यायला हवं. तेव्हाचे युरोपातले डॉक्टर रुग्णाची शीर कापून रक्त काढायचे, जळवा लावायचे, पाऱ्याची औषधं द्यायचे. अशा उपचारांनी आधीच अशक्त असलेला रुग्ण आणखी खचायचा. त्यांच्या तुलनेत हानेमानचा रुग्ण विश्रांती घ्यायचा, नीट खायचा आणि पाण्यासारखं औषध प्यायचा. काहीही न करणं हेच तेव्हा अनेकदा जास्त सुरक्षित होतं!

पातळ करणं म्हणजे किती पातळ?

बाटलीवरचा ‘३० सी’ हा आकडा पाहा. मूळ अर्काचा एक भाग आणि पाणी किंवा अल्कोहोलचे ९९ भाग घेऊन जोरजोरात हलवलं की झालं १ सी. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा ९९ भागांत मिसळला की २ सी. असं तीस वेळा केलं की ३० सी तयार होतं. म्हणजे मूळ पदार्थाचं प्रमाण एकास एकावर ६० शून्यं.

शाळेत रसायनशास्त्रात ॲव्होगॅड्रो अंक शिकवला होता, तो इथे कामाला येतो. कुठल्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये साधारण ६.०२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके रेणू असतात. त्यामुळे १२ सीच्या आसपास पोचल्यावर द्रावणात मूळ पदार्थाचा एकही रेणू असण्याची शक्यता संपत येते. ३० सीमध्ये तो एक रेणू गाठायचा, तर पृथ्वीच्या आकाराचे अब्जावधी गोळे भरतील एवढं औषध प्यावं लागेल. दुकानात २०० आणि १००० नंबरच्या बाटल्याही मिळतात आणि होमिओपॅथीच्या नियमानुसार नंबर जितका मोठा, तितकं औषध ‘जास्त ताकदीचं’.

होमिओपॅथीचे समर्थक यावर सांगतात की पदार्थ गेला तरी पाण्यात त्याची ‘स्मृती’ राहते. १९८८ मध्ये फ्रान्सच्या जाक बेनव्हेनिस्त या संशोधकाचा तशा अर्थाचा प्रयोग ‘नेचर’ या नियतकालिकात छापूनही आला. मात्र ‘नेचर’ने पाठवलेल्या पथकासमोर कोणत्या नळीत काय आहे हे झाकून तोच प्रयोग केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही.

मराठी घरांत तितकीच लोकप्रिय असलेली बाराक्षार चिकित्सा हे या पद्धतीचं भावंड. विल्हेल्म शुस्लर या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात ती मांडली. शरीरातल्या बारा क्षारांची कमतरता भरून काढली की आजार जातो, ही त्यामागची कल्पना. या गोळ्या सहसा ‘६ एक्स’ असतात. इथे सौम्य करण्याचं प्रमाण एकास दहा असतं, म्हणून सहा पायऱ्यांनंतर दहा लाखात एक भाग पदार्थ उरतो. म्हणजे तो असतो, हे खरं. पण किती? १०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ०.१ मायक्रोग्रॅम. बाळाचे दात लवकर यावेत म्हणून कॅल्केरिया फॉसच्या चार-चार गोळ्या दिवसातून तीनदा दिल्या, तर दिवसभरात पोटात जातो सव्वा मायक्रोग्रॅमच्या आसपास कॅल्शियम फॉस्फेट. एक कप दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. हा फरक लाखो पटींचा आहे. गोळीत बाकी जवळजवळ सगळी दुधातली साखर असते.

मग लोकांना बरं का वाटतं?

‘आमच्या मुलाची सर्दी याच गोळ्यांनी गेली’ असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. मूल खरोखर बरं झालेलं असतं. प्रश्न एवढाच की ते कशामुळे बरं झालं.

साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत जाते. बहुतेक विषाणूजन्य ताप तीन ते पाच दिवसांत उतरतात. माणूस औषध कधी घेतो? त्रास सगळ्यात जास्त असतो तेव्हा. तिथून पुढे काहीही घेतलं किंवा न घेतलं तरी बहुतेक वेळा आराम पडणारच असतो. श्रेय मात्र त्या दिवशी जे घेतलं त्याला मिळतं.

याचं मराठी मातीतलं उत्तम उदाहरण म्हणजे काविळीची माळ. गावोगावी काविळीच्या रुग्णाच्या डोक्यावर किंवा गळ्यात काड्यांची माळ घालतात. ती दिवसेंदिवस लांब होत जाते आणि तसतशी कावीळ ‘उतरते’. काड्या सुकून बारीक होतात, दोऱ्याच्या गाठी सैल पडतात, म्हणून माळ वाढते. आणि कावीळ का उतरते? तर दूषित पाण्यातून होणारी ए किंवा ई प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. हात धुतल्यावर ‘कावीळ पिवळ्या पाण्यातून निघते’ हा प्रकार तर निव्वळ हातचलाखीचा. तळहातांना आंब्याच्या सालीचा रस लावून हात चुन्याच्या पाण्यात धुतले की कोणाचंही पाणी पिवळं होतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं हे करून दाखवत आले आहेत.

पण सगळेच आजार आपोआप बरे होत नाहीत. कोकणातला विंचूदंश आठवा. बहुतेक दंश दुखरे असले तरी जिवावरचे नसतात, त्यामुळे मांत्रिकाचा मंत्र ‘लागू’ पडायचा. लाल विंचवाचा गंभीर दंश झालेला रुग्ण मात्र हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन दगावायचा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांवर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि गंभीर रुग्णांमधलं मृत्यूचं सुमारे ४० टक्क्यांचं प्रमाण १ टक्क्यापर्यंत खाली आलं. त्यांचं हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उपचार खरंच लागू पडतोय का, हे आपोआप बऱ्या होणाऱ्या रुग्णांवरून कधीच कळत नाही.

म्हणूनच औषध तपासताना रुग्णांचे दोन गट करतात. एका गटाला औषध आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी निव्वळ साखरेची गोळी दिली जाते, आणि कोणाला काय दिलंय हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसतं. होमिओपॅथीच्या अशा चाचण्या शेकड्यांनी झाल्या आहेत. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये होमिओपॅथीच्या ११० आणि आधुनिक औषधांच्या ११० चाचण्यांची तुलना छापून आली. मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांकडे पाहिलं की होमिओपॅथीचा परिणाम साखरेच्या गोळीएवढाच उरतो, असा तिचा निष्कर्ष होता. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने सगळा पुरावा तपासून सांगितलं की होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा एकाही आजाराबाबत नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने २०१७ मध्ये डॉक्टरांना ती लिहून देऊ नका असं सांगितलं, तर फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून तिचा सरकारी परतावा थांबवला.

होमिओपॅथिक डॉक्टरांचा यावर आक्षेप असतो. त्यांच्या मते प्रत्येक रुग्णाचं औषध वेगळं असतं, त्यामुळे सगळ्यांना एकच गोळी देणारी चाचणी इथे चालत नाही. पण प्रत्येकाला स्वतंत्र औषध निवडून देऊन, मग अर्ध्यांना नकळत साखरेची गोळी देऊनही चाचणी करता येते. तशा चाचण्या झाल्याही आहेत. त्यांतूनही ठाम फायदा सिद्ध झालेला नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. होमिओपॅथिक डॉक्टर पहिल्या भेटीत बराच वेळ देतात. झोप कशी लागते, घाम कुठे येतो, भीती कशाची वाटते, सगळं विचारतात. ओपीडीत दोन मिनिटांत चिठ्ठी हातात पडणाऱ्या रुग्णाला कोणीतरी आपलं ऐकून घेतलं, यानेच निम्मा आराम पडतो. ही आधुनिक वैद्यकाने शिकण्यासारखी गोष्ट आहे, पण तो गोळीचा गुण नव्हे.

भारतात ती इतकी का रुजली?

१८३९ मध्ये योहान होनिगबर्गर या डॉक्टरने लाहोरला महाराजा रणजितसिंहांवर होमिओपॅथीचे उपचार केले. पण खरा प्रसार झाला बंगालमधून. कोलकात्याचे नामवंत डॉक्टर महेंद्रलाल सरकार आधी तिचे टीकाकार होते. १८६७ मध्ये त्यांनी जाहीरपणे होमिओपॅथी स्वीकारली आणि बंगालच्या वैद्यकीय वर्तुळात खळबळ उडाली. गंमत म्हणजे याच सरकारांनी १८७६ मध्ये ‘इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ ही विज्ञानसंस्था स्थापन केली. पुढे सी. व्ही. रामन यांचं नोबेल मिळवून देणारं संशोधन याच संस्थेत झालं.

स्वातंत्र्यानंतर १९७३ च्या कायद्याने होमिओपॅथीला देशभर अधिकृत चौकट मिळाली. औषध स्वस्त, चव गोड, सुई नाही, मूल हट्ट न करता खातं. घरात रुजायला आणखी काय लागतं?

कोविडच्या काळात तर तिला सरकारी पाठबळही मिळालं. जानेवारी २०२० च्या अखेरीस आयुष मंत्रालयाने आर्सेनिकम आल्बम ३० ही गोळी प्रतिबंधक म्हणून सुचवली. पुढच्या काही महिन्यांत मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांपासून गावातल्या राजकीय कार्यकर्त्यांपर्यंत सगळ्यांनी तिच्या बाटल्या वाटल्या. ती कोविड रोखते हे कोणत्याही भरवशाच्या चाचणीतून सिद्ध झालेलं नव्हतं.

‘साइड इफेक्ट नाहीत’ हे कितपत खरं?

३० सी किंवा २०० सीच्या गोळीने थेट अपाय होण्याची शक्यता फारच कमी, कारण तिच्यात साखरेशिवाय काही नसतं. पण कमी सौम्य केलेली औषधं आणि मदर टिंक्चर ही गोष्ट वेगळी. त्यांत मूळ पदार्थ असतो. अमेरिकेत बाळांना दात येताना द्यायच्या होमिओपॅथिक गोळ्यांमध्ये बेलाडोना ही विषारी वनस्पती वापरलेली होती. २०१७ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने जाहीर केलं की तपासलेल्या काही गोळ्यांमध्ये लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा कितीतरी जास्त बेलाडोना सापडला. त्याआधी २००९ मध्ये नाकात घालायच्या जस्तयुक्त होमिओपॅथिक जेलमुळे लोकांची वास घेण्याची क्षमता गेल्याच्या तक्रारींवरून तिथे इशारा निघाला होता.

तरीही खरा धोका यापेक्षा वेगळा आहे, तो उशिराचा. न्यूमोनिया झालेल्या बाळाला ‘दोन दिवस गोळ्या देऊन बघू’ म्हणणं, दमेकऱ्याने इन्हेलर बंद करणं, टाइप १ मधुमेहाच्या मुलाचं इन्सुलिन थांबवणं. अशा वेळी निरुपद्रवी गोळीही जीव घेऊ शकते.

बटव्यातलं खरं काय, धोक्याचं काय

मधापासून सुरुवात करू. खोकल्यावर मध हा उपाय चांगला आहे. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१८ मध्ये साध्या खोकल्यासाठी आधी मध वापरून पाहा, अँटिबायोटिककडे लगेच वळू नका, असा सल्ला दिला. झोपताना अर्धा ते एक चमचा पुरतो.

पण एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये. मधात क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्या माणसाला त्यांनी काही होत नाही. बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडत जातात. आपल्याकडे जन्मलेल्या बाळाला मध चाटवायची प्रथा आहे आणि बाळगुटीही अनेक घरांत मधात कालवतात. ही सवय मोडायलाच हवी.

गुटीचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. वेखंड, हळकुंड, हिरडा, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ, बदाम, खारीक सहाणेवर उगाळून, प्रत्येकाचे एक-दोन वेढे बाळाला द्यायचे, ही पद्धत घरात प्रेमाने चालत आलेली असते आणि नव्या आईला तिला ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं. अडचण अशी की ‘एक वेढा’ हे माप प्रत्येक हाताचं वेगळं. वेखंडात बीटा-असॅरोन नावाचं रसायन असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोग झाल्याने अमेरिकेने १९६८ मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. जायफळ जास्त झालं तर गुंगी आणतं. गुटीनंतर बाळ ‘छान शांत झोपतं’ त्यामागे हेही कारण असू शकतं. शिवाय तीच ओलसर हळकुंडं, तीच सहाण महिनोन्महिने वापरली की त्यांवर बुरशी आणि जंतू येतातच. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सरळ आहे: पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. आजीला समजवायचं असेल तर बाळाला मालिश करणं, न्हाऊ घालणं, अंगाई म्हणणं ही तिची खाती तशीच राहू द्यावीत. गुटीचं तेवढं बंद करावं.

हळदीची गोष्ट वेगळी आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. तेव्हा ‘सीएसआयआर’चे महासंचालक होते गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर. त्यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने जुने संस्कृत संदर्भ आणि १९५३ चा एक भारतीय शोधनिबंध पुढे करून ते पेटंट आव्हानित केलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. सोशल मीडियावर ही गोष्ट ‘हळदीचे गुण अमेरिकेनेही मान्य केले’ अशी फिरते. पण पेटंट रद्द झालं ते ही माहिती नवी नाही म्हणून. हळद जखम किती भरून काढते, हा त्या खटल्याचा विषयच नव्हता.

हळदीतला करक्युमिन हा घटक आतड्यातून फारच कमी शोषला जातो. मिऱ्यातल्या पायपरिनसोबत तो कितीतरी जास्त शोषला जातो, हे १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं. रात्रीचं हळद-दूध घशाला उबदार वाटतं, त्यात काही वावगं नाही. हळदीच्या अर्काच्या कॅप्सुला मात्र वेगळ्या. त्यांच्यामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

आलं मळमळीवर, विशेषतः गरोदरपणातल्या मळमळीवर काही प्रमाणात उपयोगी पडतं. दाढदुखीवर लवंगेचं तेल लावलं की बधिरपणा येतो, कारण त्यातलं युजेनॉल दंतवैद्यही वापरतात. पण कीड तशीच राहते. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो. वाफाऱ्याने नाक मोकळं वाटतं, पण सर्दी लवकर जात नाही, आणि उकळत्या पाण्याच्या पातेल्यापाशी लहान मूल म्हणजे भाजण्याला आमंत्रण. भाजलंच तर टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा.

कापूर हा सगळ्यात कमी ओळखला जाणारा धोका. छातीला चोळायला किंवा पुरचुंडीत ठेवायला तो घरात असतोच. लहान मुलाने थोडासा खाल्ला तरी फिट येऊ शकते. बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडणंही तसंच: तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो.

आणि काढा. कोविडमध्ये रोज गुळवेल पिणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला सूज आल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे देशातल्या इतर केंद्रांमधूनही असे रुग्ण नोंदवले गेले. आयुष मंत्रालयाने यावर हरकत घेतली आणि लोकांनी गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली असावी असं म्हटलं. ते खरं मानलं तरी बाजारातून आणलेली काडी कोणत्या वेलीची आहे हे घरी कोण ओळखणार? रक्तदाब असलेल्यांनी ज्येष्ठमधाच्या काढ्याबाबतही जपावं. त्याने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं.

स्वयंपाकघरातून जगभर गेलेलं औषध

घरच्या घरी करता येणारा, जीव वाचवणारा आणि शंभर टक्के सिद्ध झालेला एक उपाय आहे. तो म्हणजे मीठ-साखर-पाणी.

१९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांत भरलं आणि नातेवाइकांनाच रुग्णांना पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

यात साखर चवीसाठी नसते. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट उघडी असते. म्हणून नुसतं पाणी पुरत नाही आणि प्रमाणही चुकवून चालत नाही. शक्यतो मेडिकलमधलं जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावं. ‘थोडी पावडर ग्लासभर पाण्यात’ असं करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावं. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते टाकून नवं करावं. सोबत पेज, ताक, वरणाचं पाणी चालू ठेवावं. बाळाचं अंगावरचं दूध तोडू नये. मुलांना डॉक्टर चौदा दिवस झिंकही देतात, ते मध्येच थांबवू नये.

दुकानातल्या रंगीत खोक्यांपासून मात्र सावध राहायला हवं. साखरेने भरलेली अनेक पेयं वर्षानुवर्षं ‘ओआरएस’ नावाने विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने योग्य सूत्र नसलेल्या पेयांवर हे नाव वापरायला मनाई केली. जुलाबात जास्त साखरेचं पेय दिलं तर जुलाब वाढतात.

घरगुती उपाय कधी थांबवायचे?

खोकला-तापाच्या मुलाचा श्वास मोजणं हे आई-बाबांना सहज जमणारं काम आहे. मूल शांत असताना छाती-पोट एका मिनिटात किती वेळा वर येतं ते मोजायचं. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तर वाळूचं घड्याळ आणि मणी यांचं साधन बनवलं, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या दाईलाही मणी सरकवत श्वास मोजता यावेत. स्मार्टफोन हातात असलेल्या पालकांना हे नक्कीच जमेल.

श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, मूल दूध पीत नसेल, फिट आली असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, डोळे खोल गेले असतील, तर थेट दवाखाना गाठायचा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप आला तर इतर काहीही लक्षण नसलं तरी त्याच दिवशी दाखवायचं. पावसाळ्यात ताप उतरल्यावर पोटदुखी, उलट्या किंवा रक्तस्राव सुरू झाला तर तो डेंग्यूचा धोक्याचा टप्पा असू शकतो. ‘ताप गेला ना’ म्हणून इथेच सगळे गाफील राहतात.

दवाखान्यात गेल्यावर कोणता काढा, कोणत्या गोळ्या, कोणती गुटी दिली हे न लाजता सांगायला हवं. रागावतील म्हणून पालक ते लपवतात आणि यकृत का सुजलं हे शोधण्यात दोन दिवस जातात.

आणि समोरचे डॉक्टर कोणत्या पदवीचे आहेत, तेही पाहावं. बीएचएमएस हा होमिओपॅथीचा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा बदलून एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथिक डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं लिहायची मुभा दिली. इंडियन मेडिकल असोसिएशन त्याविरोधात न्यायालयात गेली आणि २०२५ मध्ये या डॉक्टरांच्या नोंदणीवरून पुन्हा संप झाले. वाद सुरूच आहे. रुग्णाने मात्र ‘ही गोळी कोणत्या पॅथीची आणि हिच्यात काय आहे’ असं विचारण्यात काहीच गैर नाही. मोबाइलवर ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘कॅन्सरवर हमखास उपाय’ अशी जाहिरात दिसली, तर मग कोणत्याही पॅथीची असो, ती १९५४ च्या चमत्कारी उपचारांविरोधी कायद्याने बेकायदेशीर ठरते. ती पुढे पाठवू नये. अन्न व औषध प्रशासनाकडे तिची तक्रार करता येते.